लघुकादंबरीचे खर्डे पाठवणाऱ्यांसाठी सूचना

रविवारी सकाळी 10 वाजता धरमपेठेत भेटू, नेहमीच्या जागी. पहिली दोन प्रकरणं शुक्रवार रात्रीपर्यंत पाठवा, युनिकोडमध्येच.

तुमच्या गोष्टीतलं शिकारी जनावर कल्पनेतलं असू द्या, पंख-शेपटी तुमची मर्जी. पण ते माणसाळतं कसं, हे पटायला हवं. पहिल्याच रात्री नजरानजर होऊन जुळलेलं नातं कोणालाच खरं वाटत नाही. कोल्हापूर संस्थानातले चित्तेवान, म्हणजे शिकारीसाठी चित्ते तयार करणारे, जंगलात वाढलेलेच चित्ते वापरत, कारण शिकार शिकवते ती आई. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला ती धड जमत नाही. डोळ्यांवर टोपी, माणसांच्या आवाजाची सवय, हातून मांस, असं हळूहळू चाले. चित्त्याची गाडी काळविटाच्या जवळ नेऊनच टोपी काढायची, कारण चित्त्याचा दम काहीशे मीटरांतच संपतो. शिकारीनंतर त्याचा वाटा तिथल्या तिथे.

शिकारीसाठी माणसाळवलेल्या ससाण्याचा सगळा खेळ वजनाचा, म्हणून रोज तोलायचा. पोट भरलेलं असलं तर तो हाकेला येत नाही, फार उपाशी ठेवला तर उडायची ताकद उरत नाही. तुमचं जनावर काय, किती, कधी खातं ते आधी ठरवा. बरेच खर्डे तिथेच अडतात.

खऱ्या पक्ष्यावर प्रयोग नको, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.