जुआन मार्गारित वाचताना

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

जुआन मार्गारितचे दोन कवितासंग्रह पाठवते आहे, ‘टग्ज इन द फॉग’ आणि ‘स्ट्रेंजली हॅपी’. दोन्ही अ‍ॅना क्रो यांनी कातालानमधून, म्हणजे बार्सेलोनाकडच्या भाषेतून, इंग्रजीत आणलेले.

बाबा, हा कवी पेशानं वास्तुविशारद. बार्सेलोनात इमारतींची स्ट्रक्चरल गणितं शिकवायचा, तिथल्या सग्रादा फामिलिया चर्चच्या बांधकामासाठीही ती केली. १९९२च्या ऑलिंपिकसाठी तिथल्याच मोंजुईक टेकडीवरचं स्टेडियम नव्यानं बांधणाऱ्यांत तोही होता. १९२९चा दर्शनी भाग तसाच ठेवला, आतलं काढून टाकलं आणि मैदान खाली नेलं. कवितेतही त्याचा हिशेब असाच कडक. एक शब्द काढून काहीच बिघडत नसेल, तर कविता अजून झालेली नाही.

जन्म १९३८चा, स्पेनच्या ऐन यादवी युद्धातला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत शाळा सगळी स्पॅनिशमधून, म्हणून पहिली पुस्तकं स्पॅनिशमध्ये. घरच्या कातालानकडे तो चाळिशीनंतर वळला. स्पॅनिश साहित्यातला सर्वांत मोठा, सर्वान्तेस पुरस्कार त्याला २०१९चा मिळाला, २०२१मध्ये तो गेला.

‘स्ट्रेंजली हॅपी’मधली अनाथाश्रमावरची कविता आधी वाचा. युद्धानंतर नवरे गोळ्या घालून मारले गेलेल्या बायका, मुलांना आश्रमात घ्या म्हणून अर्ज करताहेत. अर्ज दुसऱ्या कुणीतरी टाइप करून दिलेले. आश्रम कठोरच, पण बाहेरचं जग त्याहून कठोर. ही कविता मला त्याची सर्वांत मोठी वाटते, कारण तो कुठेही गळा काढत नाही.

आई, ‘टग्ज’मध्ये त्याच्या लेकीवरच्या, जुआनावरच्या कविता आहेत. तिला जन्मापासून रुबिनस्टाइन-टायबी सिंड्रोम होता, शरीराची आणि बुद्धीची वाढ खुंटवणारा जनुकीय विकार. २००१मध्ये, तिशीत ती गेली. त्या सलग वाचू नकोस, एका बैठकीत दोन-तीन पुरेत. आणि तुम्ही दोघंही मोठ्यानं वाचा. यमक बहुधा नसतं, वाक्य एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातं. ओळ संपली म्हणून थांबलात तर अर्थ तुटतो. पूर्णविरामापर्यंत जा, मग पुन्हा पहिल्यापासून.

आवडलं तर फोनवर सांगा, ‘लव्ह इज अ प्लेस’ही पाठवीन.

तुमची लेक