स्टील की लाकूड? आधी भिंतीच्या आत काय ते दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत प्रीफॅब, म्हणजे फॅक्टरीत बनवून साइटवर आणून जोडायच्या, घरांवरचा लेख वाचला. स्टीलची फ्रेम घ्यावी की लाकडाची, आणि शेवटी चौकटीत दोन रकाने करून टिकमार्क, स्टीलला दोन जास्त पडले म्हणून स्टील भारी. लेख वाईट नव्हता, पण तो तक्ता बघून हसू आलं, कारण असाच तक्ता मी आणि माझ्या मेहुण्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून केला होता आणि त्यावरून मी स्टीलचं घर घेतलं, त्यांनी लाकडाचं. दोघांचीही घरं फॅक्टरीतून आली, आणि दोघांनाही त्रास झाला तो तक्त्यात नसलेल्या गोष्टींचा, म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगतो. स्टील घेण्यामागे माझी कारणं सगळ्यांची असतात तीच, वाळवी लागत नाही, वाकत नाही, कुजत नाही, आणि मशीनमधून कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगप्रमाणे पत्र्याची पट्टी वळून बाहेर येते तेव्हा प्रत्येक स्टडला (भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या पट्टीला) भोकं, खाचा सगळं जागच्या जागी आलेलं असतं. साइटवर फ्रेम उभी राहताना बघून तर मी खूशच झालो, भिंती अगदी ओळंब्यात, कुठे पाचर मारायची वेळ नाही. पहिल्याच थंडीत सकाळी उठून बघतो तर हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर अंतराअंतरावर उभे काळपट पट्टे. आधी वाटलं रंग खराब आहे, पुसले तर थोडे गेले, महिन्याभरात परत आले. मग लक्षात आलं की पट्टे बरोबर स्टडच्या जागी आहेत.

त्याचं कारण सोपं आहे पण घर घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टीलमधून उष्णता लाकडाच्या साधारण 400 पट वेगाने जाते, उष्णता वाहून नेण्याचा स्टीलचा आकडा 50 च्या आसपास आणि सॉफ्टवूडचा 0.12 ते 0.13. म्हणजे स्टडच्या मध्ये कितीही चांगली इन्सुलेशनची लोकर भरा, प्रत्येक स्टड हा आतून बाहेर जाणारा पूल असतो. अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेचे तक्ते आहेत, त्यात साडेतीन इंची स्टीलचे स्टड 16 इंचांवर लावले आणि मधे आर-13 चं इन्सुलेशन भरलं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं) तर प्रत्यक्षात मिळतं जेमतेम आर-6. निम्म्यापेक्षा कमी! लाकडातही घट होते, पण एवढी नाही. माझ्या कोटेशनमध्ये आर-13 असंच लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं, लोकर खरंच आर-13 चीच होती, भिंत नव्हती. स्टडपाशी भिंतीचा आतला भाग थंड राहतो, तिथे हवेतला ओलावा धरतो, त्यावर धूळ बसते, झाले पट्टे. गरम दमट दिवसात एसी लावून घर थंड ठेवणाऱ्यांकडे हेच उलट होतं, ओलावा भिंतीच्या आत धरतो, जिथे दिसतही नाही, ते जास्त वाईट.

उपाय फ्रेम बदलणं नाही. स्टडच्या बाहेरून अखंड इन्सुलेशनचा थर घालायचा, बोर्ड असतात फोमचे किंवा मिनरल वूलचे, म्हणजे पूल तुटतो. स्टीलच्या फ्रेमला हा थर ऐच्छिक नाहीच, पण कोटेशनमध्ये तो "अपग्रेड" म्हणून वेगळ्या ओळीत येतो आणि माणूस पैसे वाचवायला तीच ओळ खोडतो. मीही खोडली होती. नंतर बाहेरचं क्लॅडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) काढून तो थर घातला तेव्हा किती गेले ते विचारू नका.

आता मेहुण्यांचं. त्यांनी लाकूड घेतलं कारण त्यांना सुतारकामाची आवड, भिंतीत कुठेही स्क्रू मारता येतो, कपाट टांगायला विचार करावा लागत नाही (मला साधी फ्रेम टांगायची तरी पत्र्यात कुठली अँकर बसेल ते शोधावं लागतं, मेहुणे येतात आणि हसतात). त्यांच्या घराचे पॅनल फॅक्टरीत व्यवस्थित बनले, पण वरच्या मजल्याचे जोइस्ट (जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळया) सुटे आले आणि साइटवर अर्धवट ताडपत्रीखाली पावसात पडून राहिले. ते तसेच चढवले, वरून बोर्ड ठोकले. सहा महिन्यांनी वरच्या बेडरूमचं दार लागेना, आणि जिन्याच्या बाजूला जिप्सम बोर्डच्या सांध्यात लांब चीर. लगेच सगळे म्हणायला लागले बघा, लाकूड म्हणजे असंच.

लाकूड असंच असतं हे खरं, पण ते कसं असतं ते समजून घेतलं तर त्रास होत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. त्यामुळे उभा स्टड तेवढाच राहतो, पण त्याच्या खालच्या वरच्या पट्ट्या आणि मजल्याचे जोइस्ट आकसतात. ढोबळ हिशोब असा की ओलावा 4 टक्के कमी झाला की आडव्या मापात 1 टक्का घट. 240 मिमी उंचीचा जोइस्ट 20 टक्के ओलाव्यावर बसवला आणि घरात तो 10 टक्क्यांवर आला तर 6 मिमी गेले. दार न लागायला 6 मिमी भरपूर झाले. म्हणून लाकडी फ्रेमला भट्टीत वाळवलेलं लाकूड लागतं, 19 टक्क्यांच्या आत, आणि बंद करायच्या आधी मॉइश्चर मीटरच्या दोन सुया टोचून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. ते कुणी केलं नाही. कुजण्याचा प्रश्नही तिथेच येतो, लाकूड 20 च्या खाली राहिलं तर बुरशीला काही करता येत नाही, सतत 28-30 च्या वर राहिलं तर कुजतंच. घर शंभर वर्षं टिकणार की दहा, ते लाकडापेक्षा पाणी कुठून आत येतं आणि आलेलं बाहेर जातं का यावर ठरतं.

आणि स्टीलवाल्यांनीही (म्हणजे मीच) फार खूश होऊ नये, पाणी स्टीलचाही शत्रू आहे. फ्रेमच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, झेड 275 म्हणतात त्यात दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम 20 मायक्रॉन. कोरड्या भिंतीत तो पिढ्यानपिढ्या पुरतो. पण समुद्राजवळ, किंवा बाथरूमच्या भिंतीत गळती चालू राहिली तर तो संपतो आणि पत्रा मुळातच एक मिमीच्या आसपास, त्याला गंजायला वेळ लागत नाही. लाकूड कुजताना वास तरी येतो. साइटवर कुणी वेल्डिंग करून जोड दिला तर तिथलं जस्त जळून जातं, तिथे झिंक पेंट मारायलाच हवा. आणखी एक, दोन्ही वापरताना लोक फसतात, खाली वाळवीसाठी तांब्याचं औषध मारलेली लाकडी पट्टी आणि वर जस्त चढवलेला स्टीलचा ट्रॅक (स्टड ज्यात बसतात ती आडवी पट्टी), मधे ओल आली की तांबं जस्ताला खातं. मधे एक पट्टी टाकायची वेगळी करायला, किंवा स्टेनलेसचे बोल्ट. वाळवीचं म्हणाल तर हो, तिथे स्टील सरळ जिंकतं, यात वाद नाही, पण घरात चौकटी, कपाटं, फळ्या लाकडाच्याच असतील तर पायाजवळ वाळवीचा बंदोबस्त तरीही करावाच लागतो.

आगीबद्दल लेखात एक वाक्य होतं की स्टील जळत नाही म्हणून सुरक्षित, आणि लाकडावाले त्यावर म्हणतात लाकूड बाहेरून कोळसा होतं आणि आतला भाग वाचतो. दोन्ही अर्धं खरं. स्टील जळत नाही पण 600 अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि पातळ पत्रा तिथे फार लवकर पोचतो. लाकूड मिनिटाला 0.65 ते 0.8 मिमी वेगाने कोळसा होतं हेही बरोबर, जाड तुळईला ते फार उपयोगी आहे, पण प्रीफॅबचा स्टड 38 मिमी जाड, दोन्ही बाजूंनी जळायला लागला तर अर्ध्या तासाच्या आत काही उरत नाही. म्हणजे दोघांनाही वाचवतं कोण तर जिप्सम बोर्ड. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण 21 टक्के पाणी बांधलेलं असतं, ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचा सांगाडा थंड राहतो. तेव्हा बोर्ड किती थर, कुठल्या जातीचा, सांधे भरलेत का, वायरची भोकं बंद केलीत का, हे विचारा. फ्रेम काय आहे ते नंतर.

भूकंपाचं थोडक्यात, दोन्ही हलकी आहेत म्हणून दोन्ही चांगली. जपानमध्ये मिकी इथल्या हलत्या टेबलावर 2009 साली सात मजली इमारत, त्यातले सहा मजले लाकडी, हलवून पाहिली, ती टिकली. सॅन डिएगोच्या विद्यापीठात 2016 मध्ये पातळ स्टीलच्या फ्रेमची सहा मजली इमारत अशीच हलवली. दोन्हीकडे निकाल ठरवतात ते जोड आणि भिंतीवरचे शीट, खिळे स्क्रू किती अंतरावर. पर्यावरणावर मी फार बोलत नाही, लाकडात कार्बन साठलेला असतो आणि स्टील वितळवून परत वापरता येतं, ज्याला जे पटतं ते.

ही भांडणं नवी नाहीत. अमेरिकेत सीअर्स कंपनी 1908 ते 1940 कॅटलॉगमधून अख्खी घरं विकायची, लाकूड कापून नंबर टाकून रेल्वेने यायचं, त्यातली कितीतरी अजून उभी आहेत. युद्धानंतर 1948 मध्ये लस्ट्रॉन आलं, फ्रेम स्टीलची, भिंती छप्पर सगळं एनॅमलच्या पत्र्याचं, रंग नको, उंदीर नको, वाळवी नको, भिंतीवर फोटो लावायला लोक चुंबक वापरायचे. सुमारे 2,500 घरं झाली आणि 1950 मध्ये कंपनी बुडाली. घरं वाईट होती म्हणून नाही, कारखान्याचा खर्च निघेल इतकी विकली आणि पोचवली गेली नाहीत. त्यातलीही बरीच अजून उभी आहेत. मला यातून एवढंच दिसतं की प्रीफॅबमध्ये सांगाड्याइतकंच, कदाचित जास्तच, ते कसं बनतं आणि कसं पोचतं याला महत्त्व आहे.

आणि हाच मुद्दा तुमच्या लेखात अजिबात नव्हता. घर सपाट पॅनलमध्ये येणार की अख्ख्या खोल्या तयार होऊन ट्रकवर येणार? खोली अख्खी येणार असेल तर तिला क्रेनने चार कोपऱ्यांतून उचलतात, रस्त्यावर हादरे बसतात, एकावर एक चढवतात, तिथे कोपऱ्यात स्टीलचे जाड चौकोनी खांब असले की काम सोपं होतं, लाकडाची खोली आणता येत नाही असं नाही पण प्रवासासाठी तिला जास्तीचे आडवे तिरपे आधार द्यावे लागतात, नाहीतर पोचेपर्यंत बोर्डला चिरा. पॅनलमध्ये येत असेल आणि एक दोन मजलेच असतील तर हा फायदा उरत नाही. वजनाचाही गैरसमज असतो, स्टील लाकडाच्या पंधरा पट जड पण स्टडचा पत्रा इतका पातळ की लाकडी स्टडपेक्षा तोच हलका भरतो.

मला आज परत घ्यायचं असेल तर? पॅनलचं, एकमजली, आणि कोरडं ठेवता येईल अशा जागी असेल तर मी लाकूड घेईन, सरळ सांगतो, दुरुस्ती सोपी, भिंत उबदार, बदल करता येतात. वाळवी असेल, तयार खोल्या येणार असतील, मधे खांब नको असलेला मोठा हॉल हवा असेल तर स्टील, पण बाहेरच्या अखंड इन्सुलेशनसकट, ते नसेल तर नाही म्हणजे नाही. आणि दोन्हीत सही करायच्या आधी भिंतीचा आडवा छेद मागेन, आतल्या रंगापासून बाहेरच्या क्लॅडिंगपर्यंत प्रत्येक थर, मापासकट, आणि अख्ख्या भिंतीचा इन्सुलेशनचा आकडा, नुसत्या लोकरीचा नाही. विकणारा तो देत नसेल तर फ्रेम सोन्याची असली तरी मी उठून येईन.

लेखक महाशयांना विनंती, पुढच्या वेळी तक्ता करायचाच असेल तर भिंतीचे दोन छेद शेजारी शेजारी छापा, वाचकांना त्यातून जास्त कळेल.

हे पत्र पाठवायच्या आधी मेहुण्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाऊजी, माझं दार लागत नाही हे सगळ्या जगाला सांगताय, मग ते मी स्वतः रंधा मारून नीट केलं आणि आता लागतं हे पण लिहा की." तर लिहितो. दार आता लागतं. माझ्या भिंतीवरचे पट्टे पण गेले, पण ते मी स्वतः नाही केलं, त्याचं बिल माझ्याकडे आहे.

आपला,
एक वाचक