काठ खरवडला, त्याला कायापालट म्हणू नका

महोदय,

कालच्या अंकात आमच्या गावच्या मामा तलावाच्या (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या) 'कायापालटा'ची बातमी वाचली. फोटोत काठ भिंतीसारखा उभा कापलेला दिसतो. वार्ताहराने त्यालाच स्वच्छ काठ म्हटले आहे.

त्या काठावर गेल्या वर्षापर्यंत देवधान, म्हणजे नांगरट-पेरणीविना आपोआप उगवणारे रानटी धान होते. माझी आई ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खात नसे, तिला हेच लागे. त्यासाठी आदल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही पहाटेच पाण्यात उतरायचो. एकाने टोपली धरायची, दुसऱ्याने लोंब्या वाकवून झोडायच्या. पिकलेला दाणा नुसत्या धक्क्याने गळतो. लांब कुसळांनी हात चरचरायचे. पायलीभर मिळाले तरी आई खूश असे.

या उन्हाळ्यात कंत्राटदाराचे जेसीबी आले. गाळ काढण्याला माझा विरोध नाही, दहा ट्रॉल्या मीसुद्धा माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात टाकल्या. पण मधला गाळ सोडून उथळ काठ कशासाठी खरवडला? देवधान गुडघाभर पाण्यात वाढते, पुरुषभर पाण्यात नाही. त्याचे बीही त्याच वरच्या गाळात होते. मरळ मासा तिथल्याच गवतात घरटे करून पिले सांभाळायचा. मासेमारी करणारे ढिवर बांधव हे सांगायला गेले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही आणि बातमीतही त्यांचा एक शब्द नाही.

उलट शेवटी 'शेतकऱ्यांच्या तणनाशकामुळे सारस संपले' असे लिहून मोकळे झालात. उन्हाळी धानाला आम्ही फवारतो, हे मी नाकारत नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या बांधीत सारसाच्या जोडीने घरटे केले होते, दोन अंडी होती. पिले निघेपर्यंत मी त्या बाजूला निंदणसुद्धा केले नाही. घरट्याभोवतीचा धान गेला तो गेला. राज्यातले उरलेसुरले सारस बहुतेक आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच आहेत. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यासाठी स्वतःहून दखल घेतली. ते आजवर टिकले ते अशाच बांध्यांमध्ये, हेही कधी छापा.

आणखी एक. बातमीसोबत 'सारस' म्हणून छापलेला पक्षी सारस नाही, चित्रबलाक आहे. त्याची पिवळी चोच आणि शेपटीजवळचा गुलाबी रंग फोटोत स्पष्ट दिसतो. सारस राखाडी असतो, त्याचे डोके लाल असते आणि तो जवळजवळ माणसाएवढा उंच असतो. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक धान उत्पादक, जि. गोंदिया