काशाच्या वाटीचा काळेपणा म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कुठल्याही प्रदर्शनात जा, काशाच्या वाटीचे यंत्र असतेच. खुर्चीत बसायचे, तेल लावलेले तळपाय फिरत्या चकत्यांवर टेकवायचे. थोड्या वेळात तळवे काळेकुट्ट होतात आणि स्टॉलवरची व्यक्ती सांगते, “बघा, किती उष्णता बाहेर पडली!” मी निवृत्त परिचारिका आहे. हे वाक्य ऐकून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

तो काळेपणा वाटीचा असतो. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तेला-तुपाबरोबर आणि घामाबरोबर घासताना त्याचा बारीक अंश सुटतो, तोच पायाला लागतो. पांढऱ्या फडक्यावर तूप घालून हीच वाटी जोरात घासून पाहावी, फडकेही काळे पडते.

वाटीशी माझे वैर नाही. आमच्या सासूबाई रात्री तुपाचे बोट लावून वाटीने तळपाय चोळत आणि त्यांना गाढ झोप लागे. पण गुण चोळण्याचा असतो आणि त्याला स्वतःचे हात पुरतात. पाय धुऊन कोरडे करावेत, चमचाभर कोमट तीळतेल घ्यावे. अंगठ्याने टाचेपासून चवड्यापर्यंत दाबत जावे, बोटांच्या बेचक्या मोकळ्या कराव्यात, एकेक बोट हलके ओढावे. मग घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वर, पोटरी चोळावी. शेवटी तेल नीट पुसावे. तेलकट पायांनी न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडलेले पेशंट मी पाहिले आहेत.

चोळण्याइतकेच हलवण्याला महत्त्व आहे. पोटरीचे स्नायू आवळले की पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. तासन्‌तास एका जागी उभे राहिले की ते खाली साचते. संध्याकाळी घोटे सुजतात, पोटऱ्या भरून येतात. नाइट ड्यूटीला आम्ही टेबलाला धरून टाचा सावकाश उचलायचो, क्षणभर थांबून तितक्याच सावकाश टेकवायचो. घरी ओट्याला धरून दूध तापेपर्यंत हे सहज होते. एसटीत किंवा ऑफिसात बसल्या बसल्या चवडे वर-खाली करावेत, घोटे गोल फिरवावेत. खांदे कानांपर्यंत उचलून सैल सोडले की मानेलाही बरे वाटते.

आता ज्यासाठी खरे तर लिहायला बसले ते. आमच्या शेजारच्या काकूंच्या तळपायांची आग होई. ‘उष्णता’ म्हणून त्या अशा यंत्रावर बसल्या. घरी आल्या तेव्हा टाचेजवळची कातडी सोलवटलेली होती आणि त्यांना ते जाणवलेही नव्हते. तपासणीत साखर खूप वाढलेली निघाली. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. जखम कळत नाही आणि ती चिघळली तर पायावर बेतते. तळपायांची आग ब जीवनसत्त्वांच्या, विशेषतः बी-१२च्या कमतरतेनेही होते. ती रोज होत असेल तर वाटी शोधण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, हाताला गरम लागली, तर तिला मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फुगलेल्या निळ्या शिरांवरही जोर देऊ नये.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंत्रावर बसवण्याआधी प्रत्येकाला साखर आहे का, पायाला जखम किंवा बधिरपणा आहे का, एवढे विचारायला लावा. ‘मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये’ अशी मराठीतली पाटी खुर्चीसमोर ठळक अक्षरांत लावा. जागेचे भाडे ठरवतानाच ही अट घालता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज