आईला बोलू द्या, बाबा

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, हे पत्र खरं तर तुमच्यासाठी आहे, पण आईनेच ते मोठ्याने वाचावं. संधिवाताने सकाळी तिची बोटं उघडत नाहीत, भाकरी थापता येत नाही. ती 'देवा, किती दिवस रे' म्हणाली की तुम्ही तिला बायबलातल्या ईयोबाचा धीर ऐकवता. याकोबाच्या पत्रातलं ते वचन तुम्हाला पाठच आहे. पण तुमचा ईयोब दुसऱ्या अध्यायातच संपतो: सगळं गमावून राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा, 'परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं' म्हणणारा. तिसऱ्या अध्यायात तोच माणूस तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे कितीतरी अध्याय तो देवालाच जाब विचारतो. माझा अपराध काय ते सांग, माझ्यापासून तोंड का लपवतोस? अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र त्याला गप्प करायला बघतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर बरे होते. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी ४२व्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. रागावू नका बाबा, पण आपल्या घरात अलीफज कोण झालंय, बघा जरा.

हे डोक्यात घोळायला लागलं ते इथे ओमानमध्ये सलालाला गेले तेव्हा. तिथे डोंगरात नबी (पैगंबर) अय्यूबांची, म्हणजे आपल्या ईयोबाची, मानली जाणारी एक कबर आहे. (तुर्कस्तानात उर्फाला त्यांची गुहाही दाखवतात, तो वाद मी सोडून देते.) वॉर्डातल्या एका ताईबरोबर गेले होते. ती चिपळूणकडची, मुसलमान, त्यामुळे आमचं सगळं मराठीतच चालतं. पावसाळ्यात त्या डोंगरांवर समुद्राचं धुकं चढतं आणि ओमानमध्ये आहोत हे खरं वाटत नाही, इतकं हिरवं होतं. आत हिरव्या कापडाखाली कबर, बाहेर एक पाऊलखूण. ताई म्हणाली, कुराणात अय्यूबांना हुकूम होतो, पाय आपट. आणि थंड पाणी निघतं, अंघोळीला आणि प्यायला.

कुराणातले अय्यूब आपल्या ईयोबापेक्षा फार कमी बोलतात. २१व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, त्यांचं गाऱ्हाणं एका ओळीत आटपतं: मला दुःखाने गाठलंय, आणि तू तर सगळ्या दयाळूंहून दयाळू. आरोप नाही, उलटतपासणी नाही. हा फरक मी लपवत नाही. मी ताईला ईयोबाचा तिसरा अध्याय वाचून दाखवला तेव्हा ती अवघडली, 'नबी असं बोलतील?' म्हणाली. तरीही ती एक ओळ गाऱ्हाणंच आहे ना? आणि ३८व्या सूरेत देव त्याच अय्यूबांना सब्र, म्हणजे धीर, करणारा म्हणतो.

कुराणातल्या याकूबांचं तर मला फारच लागलं. मुलं आपल्या भावाचा, युसुफचा, रक्त लावलेला सदरा घेऊन येतात तेव्हा ते सब्राचीच भाषा बोलतात. पण पुढे शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडतात. मुलं वैतागतात, युसुफ युसुफ करत जीव देणार का? तेव्हा म्हातारा म्हणतो, मी माझं दुःख फक्त अल्लाहपाशी मांडतोय. ताईच्या मते सगळं इथेच आहे, गाऱ्हाणं कुणापाशी नेलं यात. आणि आई, हे तुझ्यासाठी: १९व्या सूरेत मरियम, येशूची आई, बाळंतकळांनी खजुराच्या बुंध्याशी येते आणि म्हणते, याआधीच मेले असते तर बरं. तिला कुणी दटावत नाही. दुःख करू नको, खाली झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील. बाळंतिणीला आधी पाणी आणि खाऊ!

बाबा, तुम्ही म्हणाल, रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली त्यांचं काय झालं? बायबलातल्या गणना पुस्तकाचा ११वा अध्याय काढा. लोक मिसरातल्या काकड्या आणि कांदे आठवून आपापल्या तंबूच्या दारात रडतात, आणि देव भडकतो. पण त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे देवाला तोंडावर म्हणतो, हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. त्याला शिक्षा होत नाही. ओझं वाटून घ्यायला सत्तर वडीलधारी माणसं मिळतात. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी २२व्या स्तोत्राचंच वाक्य आलं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आणि ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया नाही. आपल्या मंडळीत ते कधी वाचलेलं मला आठवत नाही.

आपल्याला सत्तर नकोत, भाकरीला एक बाई मिळाली तरी पुरे. चार घरी विचारा, पैसे मी दरमहा पाठवीन, त्यावर चर्चा नको. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळं तुम्हीच बोलता, आईच्या वाट्याला नुसतं 'आमेन' येतं. येत्या रविवारपासून तिला आधी करू द्या. ती कितीही लांबली, काहीही म्हणाली, तरी मध्ये खाकरायचं नाही.

तुमची लेक