'सोडणे' खोडून 'जाणणे' लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी मी आपल्याकडे बुद्धांच्या शिकवणुकीची तोंडओळख करून घ्यायला आले, तेव्हा ज्या धम्मात दुःखाचा एवढा ऊहापोह आहे, त्यात ते टाळण्याची एखादी युक्तीही असणारच, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मी चार आर्यसत्ये वहीत उतरवली आणि 'दुःख' या शब्दापुढे 'सोडणे' असे लिहिले. आपण काही न बोलता पेन्सिलीने ते खोडले आणि शेजारी बारीक अक्षरात 'जाणणे' असे लिहिले. त्या एका दुरुस्तीसाठी हे जाहीर आभार.

सारनाथच्या मृगदावात कौंडिण्यादी पाच जणांना केलेल्या पहिल्या उपदेशात बुद्धांनी प्रत्येक सत्याबरोबर एकेक काम नेमून दिले आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. दुःख पुरते जाणायचे, त्याच्या मुळाशी असलेली तृष्णा सोडायची, दुःखाचा निरोध, म्हणजे ते थांबणे, स्वतः अनुभवायचा आणि अष्टांगिक मार्ग अंगी बाणवत न्यायचा. आपण चार सत्ये पाठ करतो, पण ही चार क्रियापदे वाटेत गळतात, आणि मग 'सारे काही दुःखमय' असा उदास सूर विनाकारण बुद्धांच्या माथी मारला जातो. (मीही तो मारला होता, आणि तोही आपल्यासमोर, मोठ्या आत्मविश्वासाने.)

तृष्णेचे कामतृष्णा (सुखभोगाची), भवतृष्णा (असण्याची, होण्याची) आणि विभवतृष्णा (नसण्याची) असे तीन प्रकार सांगताना आपण तिसऱ्यापाशी मुद्दाम थांबलात. नकोसे आहे ते नाहीसे व्हावे, ही ओढदेखील तृष्णाच, असे आपण म्हणालात, तेव्हा शोकातून सुटण्याची माझी सारी घाई कोणत्या खात्यात जमा होत होती, ते मला कळले.

प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून एक उपजत दुःखापर्यंत नेणाऱ्या कारणसाखळीच्या, बारा कड्या मला अजूनही क्रमाने सांगता येत नाहीत. 'वेदनापच्चया तण्हा', म्हणजे वेदनेच्या (सुखद वा दुःखद जाणिवेच्या) कारणाने तृष्णा, ही कडी मात्र मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. कपाटाचा खण उघडला, तर आत वडिलांचा चष्मा होता, एका काडीला दोरा गुंडाळलेला. घसा दाटला आणि हात आपसूक खण लोटू लागला. घसा दाटणे ही वेदना आणि खण लोटणे ही तृष्णेची ओढ, एवढे वेगवेगळे दिसण्यापुरती फट त्या दोहोंत होती. मी खण उघडाच ठेवला. रडू आले, पण त्या रडण्याशी झगडावेसे वाटले नाही.

पंचशीलाबद्दलची माझी धास्तीही आपणच घालवलीत. 'सिक्खापदं समादियामि' यातील 'सिक्खापद' म्हणजे वरून आलेली आज्ञा नसून आपण होऊन पत्करलेला शिकण्याचा नियम, हे कळल्यावर चुकण्याची भीती कमी झाली आणि, खरे सांगायचे तर, जबाबदारी वाढली.

अनात्माचे, म्हणजे कायमचा असा 'मी' नसतो या शिकवणुकीचे, प्रकरण अजून गळी उतरलेले नाही. 'मी' नाही तर मग शोक कोणाचा, या माझ्या प्रश्नावर आपण नुसते हसला होतात आणि उत्तर पुढच्या खेपेवर ढकलले होते. येत्या आठवड्यात वही घेऊन येते. पेन्सील आपली असू द्या.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी