तुम्ही मुद्दाम बिघडवलेल्या मशीनबद्दल

नमस्कार,

तुमच्या मदतीने माझा लिनक्सवरचा लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन आठवडा झाला, तरी बटण दाबताना अजून पोटात गोळा येतो. काळा पडदा, त्यावर 'इमर्जन्सी मोड' आणि खाली लुकलुकणारा कर्सर. तीन रात्री मी तेवढंच बघत बसले होते.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं, त्यांचं काय सांगू! एक म्हणाले, 'बूट (सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, डिस्कच्या वेगळ्या भागावर, ठेवायला सांगितलं कोणी?' दुसऱ्यांनी काही न बघताच एफएसटॅबमधला (कुठली पार्टिशन्स जोडायची त्या यादीतला) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, चुकलाय असं ठोकून दिलं; तो मी अक्षर न अक्षर ताडून पाहिला होता. तिसऱ्यांचा सल्ला, फॉरमॅट मारा आणि मोकळ्या व्हा. त्याच डिस्कवर माझं दोन वर्षांचं काम आहे म्हटल्यावर ते गायबच झाले.

तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. चालू कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठला, आणि मॉड्यूल्सचं, म्हणजे त्याला लागणाऱ्या जोडभागांचं, फोल्डर कुठल्या आकड्याचं? कर्नल ६.६.८, फोल्डर ६.६.१०. मला त्यात काहीच दिसलं नाही. तुम्हाला बहुतेक तिथेच कळलं होतं: अपडेटच्या वेळी बूट पार्टिशन माउंटच, म्हणजे जोडलेलंच, नव्हतं. नवा कर्नल रूटवरच्या (मुख्य पार्टिशनवरच्या) रिकाम्या फोल्डरात जाऊन पडला, खऱ्या पार्टिशनवर जुनाच राहिला, आणि त्या जुन्याचे मॉड्यूल अपडेटने पुसून टाकले. मग तो बूट माउंट करणार कशाच्या जोरावर!

पण तुम्ही लगेच उपाय सांगितला नाहीत. 'थांबा जरा' म्हणालात आणि पाऊण तासाने एक फोटो आला. तुमच्याकडचं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), तसाच काळा पडदा, तीच ओळ: 'अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट', म्हणजे बूट पार्टिशनची व्हीफॅट ही मांडणी ओळखताच येत नाही. खाली तुमचं वाक्य, 'माझंही पाडलं. आता दोन्ही उठवू.'

खरं सांगते, मला तेव्हा रडू आलं.

मग प्रत्येक कमांड आधी तुमच्याकडे, नंतर माझ्याकडे. एकदा तर तुम्हीच बूट माउंट करायचं विसरून क्रूटमध्ये, म्हणजे बाहेरून बिघडलेल्या सिस्टिमच्या आत, शिरलात, आणि तेही कळवलंत: 'ही पायरी अजून करू नका, मी आत्ताच आपटलोय.' हुशार माणसं मला पुष्कळ भेटलीत. आपण आपटलो हे आपणहून सांगणारं क्वचितच कुणी.

परवा पुन्हा कर्नल आला. एंटरवरचं बोट उचललं, आधी बूट माउंट आहे ना ते पाहिलं, मग दाबलं. रीस्टार्टनंतर कर्नल आणि फोल्डर, दोन्हीकडे ६.६.११. फोटो सोबत पाठवतेय.